आमची वाटचाल : मांडीवरच्या सुपापासून शिवणाच्या मशीनपर्यंत

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना कारागीर कमी पडतात आणि दोन गल्ल्या पलीकडे बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग कमी झाले, तसा पूर्व भागातल्या कितीतरी घरांचा खर्च विडीवरच येऊन टेकला. आमच्या शालेय गणवेशाच्या छोट्या युनिटने या बायांना मशीनवर बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी सरकारी अनुदानाचा आधार घेतला. त्यातले हिशेब इथे मांडतो, कारण अनुदानाच्या भरवशावर प्रशिक्षणाची बॅच काढून शेवटच्या हप्त्यात अडकणारे व्यावसायिक बरेच आहेत.

सुरुवात शेड आणि मशीनपासून. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) फक्त नव्या युनिटसाठी आहे, चालू धंद्याला पहिल्या कर्जात तो लागू होत नाही. उत्पादनासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा 50 लाख. शहरी भागात सर्वसाधारण अर्जदाराला 15 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक यांना 25 टक्के अनुदान. म्हणजे 20 लाखांच्या प्रकल्पात महिला मालकाने 1 लाख स्वतःचे घालायचे, बँक 19 लाख देते आणि 5 लाख अनुदान येतं. पण ते हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेव म्हणून अडकतं, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि युनिट सुरू असल्याची पडताळणी झाल्यावरच कर्जात वळतं होतं. कापड आणि धाग्याचं खेळतं भांडवल या पैशातून निघेल असं धरलं की पहिल्याच हंगामात उधारी चढते.

प्रशिक्षणाच्या पैशाचं गणित वेगळं. आधी 1997 ची स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना, मग 2013 ते 2024 राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान. त्यात सुरुवातीला माणशी 15,000 रुपयांपर्यंत खर्च मंजूर होता. केंद्राच्या 2015 च्या कॉमन नॉर्म्सनंतर (कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांसाठीचे समान नियम) पैसे तासांवर आणि तीन हप्त्यांत येऊ लागले : बॅच सुरू झाल्यावर 30 टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर 50 टक्के आणि नोकरी लागल्यावर 20 टक्के. शेवटचा हप्ता पूर्ण हवा असेल तर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी 70 टक्के जणी तीन महिन्यांत कामाला लागायला हव्यात. 50 ते 70 च्या मध्ये असाल तर प्रमाणात मिळतो, 50 च्या खाली गेलात तर शून्य.

सोयीसाठी तासाला 40 रुपये, 300 तास आणि 25 जणी धरू. कागदावर 3 लाख. चौघी मध्येच गळाल्या की त्यांच्यासाठी मिळालेला पहिला हप्ता, म्हणजे 14,400 रुपये, पुढच्या बिलातून कापला जातो. उरल्या 21, आणि त्यांचा शेवटचा हप्ता 50,400. त्यातल्या 15 जणी कामावर असतील तर तो पूर्ण मिळेल. 11 असतील तर काही भाग मिळेल, 10 च असतील तर काहीच नाही. एका बाईच्या घरी आजारपण निघालं की हप्ता हातचा जातो. म्हणून प्रशिक्षकाचा पगार, वीज आणि वाया जाणारं कापड पहिल्या 80 टक्क्यांतच बसवा. शेवटचे 20 टक्के अंदाजपत्रकात धरूच नका.

नावनोंदणीत दोन अडचणी हमखास येतात. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू हाताळून बोटांचे ठसे पुसट होतात, त्यामुळे आधारवरची हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही तर तास मोजले जात नाहीत. बॅच सुरू व्हायच्या महिनाभर आधी आधार केंद्रात ठसे नव्याने घ्यायला लावा. दुसरी अडचण नावाची. इथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, आणि एकच आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या, त्यात लग्नानंतरचं तिसरं. तिन्ही कागद समोर ठेवूनच फॉर्म भरा. प्रशिक्षकही तेलुगू बोलणाराच हवा. परीक्षेची भाषा मराठी किंवा हिंदी असते म्हणून वर्गही त्याच भाषेत घेतला तर हुशार बाईसुद्धा मान डोलावते आणि मशीनवर अडते.

मशीनवर पहिले दोन दिवस धागा ओवायचा नाही. रेघा मारलेल्या कागदावर नुसती सुई चालवायची : आधी सरळ, मग चौकोन, मग गोल. लॉकस्टिच (सरळ टाक्याच्या) मशीनला एकाच वेगाने फिरणारी क्लच मोटर नको, वेग ठरवता येणारी सर्व्हो मोटर घ्या. तिचा वेग सुरुवातीला मिनिटाला 1,500 टाक्यांवर बांधता येतो, बाईची भीती जाते आणि बोटात सुई जात नाही. शर्टाच्या कापडाला 14 नंबरची सुई, इंचाला 10 ते 12 टाके. धागा तुटला की नव्या कारागिराचा हात आधी वरच्या धाग्याच्या ताणाकडे (टेन्शन) जातो. बहुतेक वेळा दोष बॉबिन केसमध्ये (खालच्या धाग्याच्या डबीत) अडकलेल्या कचऱ्याचा किंवा उलट्या बसवलेल्या सुईचा असतो. अख्खा शर्ट शिकवण्याच्या नादी लागू नका. खांदा जोडणं, बाजू मारणं, खालची पट्टी दुमडणं, यातली दोन कामं पक्की झाली की बाई लाइनवर, म्हणजे शिलाईच्या रांगेत, बसू शकते. कॉलर नंतर.

खरी गळती प्रमाणपत्रानंतरच्या तीन महिन्यांत होते. पीस रेटवर (नगावर मजुरी) नव्या हाताची पहिली कमाई विडीपेक्षा कमी भरते, आणि विडी तर घरी, मूल सांभाळून होते. म्हणून पहिले 60 दिवस पीस रेट नको, रोजाची हमी द्या. वेळ 10 ते 5 ठेवा. शेड वस्तीपासून चालत 15 मिनिटांच्या आत हवी, रिक्षाभाडं पडलं की हिशेब तिथेच मोडतो.

यातही पीएफचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. विडी कारखान्यात नोंद असलेल्या बाईला पीएफ असतो, ओळखपत्र असतं, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. हे सुटेल अशी तिला भीती असते आणि ती खरी आहे. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, त्यामुळे पीएफची साखळी तुटत नाही, हे तिला कागद दाखवून समजवा. शिष्यवृत्ती मात्र विडी कामगारांच्या मुलांसाठी आहे, तेही लपवू नका. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत (1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027) पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त 15,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. जुना पीएफ असलेल्या विडी कामगार बाईला ते मिळणार नाहीत. मालकाला मिळणारं प्रोत्साहन मात्र तिच्यासाठीही मिळतं : 10 ते 20 हजार पगारावर महिना 2,000, आणि उत्पादन क्षेत्रात चार वर्षांपर्यंत. अट अशी की 50 पेक्षा कमी कामगार असलेल्या युनिटने किमान दोन जण वाढवायचे आणि सहा महिने टिकवायचे. तिला आधी शिकाऊ म्हणून घेतलं तर राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये वाटा येतो. पण शिकाऊ उमेदवाराला पीएफ लागू नाही, त्यामुळे ते महिने वाढीव कामगारात मोजले जात नाहीत. एका वेळी एकच वाट धरा.

राहिलं वेळापत्रक. गणवेशाचा हंगाम जानेवारीपासून चढतो आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की उतरतो. प्रशिक्षणाची उद्दिष्टं आर्थिक वर्षाच्या शेवटी घाईने येतात. मार्चमध्ये बॅच सुरू केली तर बाया जूनमध्ये तयार होतात, आणि तेव्हा लाइनवर कामच नसतं. आम्ही आता मार्चची बॅच नाकारतो. ऑगस्टमध्ये नोंदणी, दिवाळीआधी परीक्षा आणि डिसेंबरात लाइनवर. म्हणजे तीन महिन्यांची पडताळणी भर हंगामात येते, जेव्हा प्रत्येक मशीनवर कोणीतरी बसलेलं असतं.