बटव्यात ओआरएस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदूरच्या रामबागेतली भिशी असो, लग्नघर असो की गाडीतली शेजारीण, प्रश्न तोच: सुंठ, ओवा, हिंग, जायफळ, सहाणेसकट सगळं प्रवासात नेता, मग त्यात ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या पावडरीची पाकिटं कशाला? विश्वास उडाला का?

नाही उडाला. घाटात मळमळलं की मी आजही सुंठेचा तुकडा दाढेखाली धरते. पोट फुगलं की ओवा नि काळं मीठ. बसून बसून कोठा जड झाला तर नीमचचं इसबगोल, पण पेलाभर पाण्याबरोबर. कोरडं घेतलं तर तेच घशात अडकतं. यातलं काहीही मी सोडणार नाही.

बाबांना घेऊन पुण्याला निघालो होतो, मे महिन्यात. रतलाम यायच्या आतच त्यांना जुलाब सुरू झाले. मी सहाण काढली, जायफळ उगाळून चाटवलं. दाहोदला पुन्हा. गोध्र्यानंतर त्यांचं उठणं कमी झालं, तेव्हा वाटलं, लागू पडलं. त्यांना झोप लागली. मी चादर घातली आणि ह्यांना म्हटलं, "आता उठवू नका." वडोदरा आलं. समोरच फलाटावर पाण्याच्या बाटल्या रचलेल्या दिसत होत्या. मी उतरले नाही. पाणी पोटात गेलं की जुलाब वाढतात, असं आत्या म्हणायची आणि मला ते पटलेलं होतं. भरूच मागे पडल्यावर हात लावून पाहिला तर तळवे गार, जीभ कोरडी, हाकेला नुसतं "हं". सुरतला उतरवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?"

मला सांगता आलं नाही. जायफळ किती वेळा दिलं ते पाठ होतं. लघवीकडे मी लक्षच दिलं नव्हतं. चार दिवस सलाईन चालू होतं, मूत्रपिंडांवर ताण आला होता. ती गुंगी अंगातलं पाणी गेल्यामुळे की जायफळामुळे, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. दोन्हींनी येऊ शकते, म्हणाले.

"ती पावडर म्हणजे केमिकलच ना?" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. लिटरभर पाण्यात 20.5 ग्रॅम: मीठ, ग्लुकोज, थोडं पोटॅशियम, सायट्रेट. साखर आतड्यात मिठाला बरोबर घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असले तरी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं. पाजणारे बरेचदा घरचेच लोक. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एवढं तर मला रेल्वेतही जमलं असतं.

तेव्हाची मी म्हणाली असती, आजीनं अख्खं घर या बटव्यावर सांभाळलं. खरं आहे. पण आजी जायफळाच्या बरोबर तांदळाची पेजही द्यायची, मीठ घालून, वाटी वाटी, रात्रभर जागून. तिचं जायफळ मी लक्षात ठेवलं. पेज विसरले. का विसरले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आत्याचं ऐकलं हे उत्तर मला पुरत नाही.

बाबा आता बरे आहेत, फक्त लांबच्या गाडीचं नाव काढलं की नको म्हणतात. मागच्या महिन्यात पोट बिघडलं तेव्हा त्यांनी स्वतःहून जायफळ मागितलं. मी आधी ओआरएसचा पेला दिला, तो संपेपर्यंत समोर बसले. मग सहाण घेतली. दोन वेढे दिले आणि हात थांबला. बाबा म्हणाले, "अगं, अजून थोडं."