वरचं तुमचं

जुन्या गाड्यांच्या धंद्यात एक वाक्य रोज कानावर पडतं: “माझ्या हातात एवढे द्या, वरचं तुमचं.” कराडच्या अलीकडे हायवेला आमचं यार्ड आहे. बावीस वर्षं मी तिथे दुसऱ्यांच्या गाड्या विकतो. पार्क अँड सेल म्हणतात तो प्रकार: गाडी मालकाची, जागा आणि जबाबदारी माझी, गिऱ्हाईक मिळालं की विक्रीच्या आठ टक्के मी घेणार. गाडी कितीला गेली ते मालकाला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं. ‘वरचं तुमचं’ हा व्यवहार मी सहसा करत नाही. त्यात विकणाऱ्याला खरी किंमत कधीच कळत नाही, आणि ती कळू नये असं वाटायला लागलं की आपण त्याचे एजंट राहत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, तरीही गेल्या वर्षी एका गाडीसाठी मी हो म्हणालो.

वाळवा तालुक्यातल्या एका गावातून अण्णा नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला होता. गोठ्यात आबांची, म्हणजे वडिलांची, फियाट पडून आहे, भंगारवाला चाळीस हजार म्हणतोय, बघून जा. अशा फोनमागे बहुतेक वेळा सडलेली पद्मिनी निघते. गेलो तर गोठ्याच्या टोकाला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. अण्णांनी चार पेंढ्या बाजूला ओढल्या आणि आतून ते गोल, फुगीर नाक बाहेर आलं. डुक्कर फियाट! फियाट ११००-१०३, १९५६ सालची. इटलीत हिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे नुसतं ‘अकराशे’. आपल्या लोकांनी नाकाकडे बघून नाव ठेवलं आणि तेच टिकलं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवू नका म्हणून अण्णांनी मला पुढच्या दारानं बघायला सांगितलं.

मी आधी चुंबक काढला. मडगार्ड, दारांचा खालचा भाग, डिकीची कड, सगळीकडे चुंबक टक्कन चिकटला. म्हणजे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नाही, पत्रा मूळचा. इंजिनच्या खोलीत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पाटी जागच्या जागी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला उभारलेल्या कारखान्यातून निघालेली गाडी, आणि पाटीचे रिवेटसुद्धा कुणी हलवलेले नाहीत. पुठ्ठ्याच्या आरसी बुकावरचा नंबर ‘बी’ने सुरू होणारा, मुंबई राज्याच्या काळातला. आबांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली होती.

अण्णा म्हणाले, “मालक, कमिशनबिमिशन आपल्याला कळत न्हाई. माझ्या हातात दीड लाख टेका. वरचं तुमचं.”

खर्च सगळा माझा होणार होता आणि इंजिन फुटलं तर तोटाही माझाच. गाडी फार तर तीन लाखांना जाईल असा माझा हिशेब होता. मी हात पुढे केला आणि त्याच आठवड्यात दीड लाख त्यांच्या खात्यावर टाकले.

पुढचे तीन महिने आम्ही काय केलं ते सांगायला मला आवडतं. इंजिन जाम होतं. घाईत बॅटरी जोडून सेल्फ मारून बघणारे लोक इंजिन इथेच घालवतात. गंजलेल्या सिलेंडरमध्ये रिंगा चिकटून बसलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि बोअरला कायमचा ओरखडा जातो. आम्ही चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल निम्मंनिम्मं ओतलं, आणि रोज सकाळी क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हलकेच दाबून बघायचो. दहाव्या दिवशी पाना बोटभर सरकला. आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त सगळ्यांना चहा सांगितला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. वायरिंग उंदरांनी संपवलं होतं. ब्रेकचे व्हील सिलेंडर इतके गंजले होते की दोन वाचले, बाकीच्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दोन चकरा झाल्या. हातानं घासूनपुसून जेव्हा ते १०८९ सीसीचं इंजिन पहिल्यांदा धरलं, तेव्हा सायलेन्सरमधून आधी गोठ्यातली माती बाहेर पडली, मग धूर.

रंगाला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. हल्ली दोन हात लांबी, वर लालभडक रंग आणि अलॉय व्हील लावून त्याला ‘रिस्टोर्ड’ म्हणायची पद्धत पडली आहे. अशा गाड्या बघून माझा जीव तुटतो. डॅशबोर्ड सोडवला तेव्हा मागे कारखान्यातला फिकट हिरवट-राखाडी रंग तसाच होता, बाहेरच्या रंगाशी जुळणारा. सत्तर वर्षांचं ऊन त्यावरून गेलेलं, पण रंग तोच. कायदाही याच बाजूनं आहे. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यात पन्नास वर्षांपुढची आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडीच बसते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. डुक्कर फियाटला तो ‘बी’चा नंबर म्हणजे कपाळावरचं कुंकू आहे. तो घालवून नवा घेणारे लोक मला समजत नाहीत.

रॉकेल आणि ब्रशनं चेसिसवरचे आकडे उघडे केले, कागद ठेवून पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटत गेला आणि आरसी बुकाशी जुळला. इंजिनचा नंबरही जुळला. त्या संध्याकाळी मला कळलं की तीन लाखांचा अंदाज साफ चुकला आहे.

खरी अडचण कागदांची होती, आणि माझ्या मनात जे चाललंय ते तिथूनच सुरू होतं. गाडी अजून आबांच्या नावावर. ते जाऊन पंधरा वर्षं झालेली. मालक वारला की आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर पुढच्या माणसाच्या. पुठ्ठ्याच्या आरसीची नोंद कॉम्प्युटरवर नसते, म्हणून त्याआधी बॅकलॉगची एंट्री. त्या एका एंट्रीसाठी मी पाच चकरा मारल्या. जुनं रजिस्टर सापडत नाही हे सांगण्यासाठीसुद्धा माणसाला चार वेळा बोलावतात. गाडी अण्णांच्या नावावर करायला बाकीच्या वारसांची संमती हवी. अण्णांना दोन बहिणी. थोरल्या आक्का कवठे महांकाळकडे दिलेल्या, धाकटी मुंबईला. प्रतिज्ञापत्रं मी तयार करून घेतली, आमचा पोरगा दोन्हीकडे सह्या घेऊन आला.

सही करायच्या आधी आक्कांनी मला फोन केला होता. “ह्ये कशाचं हाय?”

“काही नाही आक्का, आरटीओची फॉर्मॅलिटी आहे. गाडी अण्णांच्या नावावर झाली की विकता येईल.”

“बरं बरं. कर म्हणावं अण्णाला. त्या डबड्याचं काय येणार हाय.”

मी गप्प बसलो. आदल्याच रात्री पुण्याच्या एका गृहस्थांनी फोटो बघून साडेचार लाख बोली लावली होती.

शेवटी तेच गृहस्थ सव्वासहा लाखांना तयार झाले. माणूस चांगला, घरी आधीच दोन जुन्या गाड्या स्वतः सांभाळणारा. लग्नाच्या फोटोंना भाड्यानं देणाऱ्यांतला नव्हता. गाडी चांगल्या घरी जाणार म्हणून मला आनंद होता.

डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी अण्णा आले ते आक्कांना घेऊन. आबांची गाडी जायची आहे तर एकदा बघते म्हणाल्या होत्या. मी गाडी शेडच्या बाहेर उन्हात लावली होती. आक्का लांबच थांबल्या. मग चपला काढून जवळ आल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. पुण्याचं कुटुंबही तेवढ्यात आलं, बरोबर आठेक वर्षांची मुलगी.

या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं मधल्याच खांबाला टांगलेली. दोन्ही एकदम उघडली की पुस्तक उलटं मिटावं तशी मधे एकमेकांवर येतात, आणि तिथे हात असला तर सापडतो. यार्डात माझ्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुण्याच्या साहेबांनी पुढचं दार उघडलं. मुलीनं मागचं उघडलं आणि आत वाकून बघायला मधल्या खांबाला धरलं. मी ओरडणार तेवढ्यात आक्का पुढे झाल्या आणि त्यांनी तिचा हात मनगटापासून उचलून घेतला. एक शब्द बोलल्या नाहीत. मग आपला डावा हात तिच्यासमोर धरला. करंगळी शेवटच्या पेरापासून आत वळलेली होती.

“आबांनी दार लावलं आन् माझं बोट मधी,” त्या म्हणाल्या. “तुझ्याएवढीच व्हते. रडले न्हाई मी. आबाच रडलं.”

सगळे थोडा वेळ गप्प. साहेब पैसे पाठवायला फोन घेऊन बाजूला गेले. आक्का माझ्याकडे वळल्या आणि सहज विचारलं, “कितीला गेली वो?”

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांनाही माहीत नव्हतं. ‘वरचं तुमचं’ म्हणजे वर किती हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, “सव्वासहा लाखाला.”

अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. आक्कांनी भावाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मलाच विचारलं, “मी फोन केला तवा तुमास्नी ठावं हुतं?”

“अंदाज होता,” मी म्हणालो. मग ते पुरतं खरं नाही असं वाटून म्हणालो, “हो. आदल्या रात्री साडेचार लाखाला गिऱ्हाईक लागलं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गाडीकडे गेल्या. ट्रेलर आला, गाडी चढवली, दोऱ्या आवळल्या. मला त्यातलं काहीच नीट आठवत नाही. एरवी डिलिव्हरीची प्रत्येक गाठ मी स्वतः बघतो.

गाडी गेल्यावर मी दोघांना ऑफिसात बसवलं आणि कागदावर हिशेब मांडला. विक्री ६,२५,०००. माझे आठ टक्के ५०,०००. पार्ट, मजुरी, चकरा मिळून १,४०,०००. अण्णांना दिलेले १,५०,०००. उरले २,८५,०००. हे माझे नाहीत म्हणालो.

अण्णांनी कागद हातात घेतला नाही. “शब्द दिलावता म्या. वरचं तुमचं म्हणालोवतो. गाडी सडली असती तर मी काय तुमास्नी पैसे परत देणार हुतो व्हय?”

त्यांचं बरोबर होतं. खर्च मी घातला होता, धोका मी पत्करला होता, आणि आमच्या धंद्यातले निम्मे लोक त्या पैशांवर निवांत झोपले असते. पण मला झोंबत होता तो अण्णांशी झालेला व्यवहार नव्हे. आक्कांशी माझा काही व्यवहारच नव्हता. त्यांची फक्त सही होती, आणि ती घेताना किंमत कळलेला त्या कागदाभोवतीचा एकटा माणूस मी होतो. म्हणून म्हणालो, तीन भाग करू. पंचाण्णव हजार प्रत्येकी.

तेव्हा आक्का पहिल्यांदा जोरात बोलल्या. “माझं नाव त्यात घालू नगा. वर्सातनं चार दिस म्हायेरी येती मी. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे जमिनीच्या हक्कसोडपत्रांपासून हेच चालत आलंय: बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. मला ते आधीही दिसत होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं म्हणून मी कधी बघितलं नाही, आणि या वेळी ती सही घ्यायला मीच पोरगा पाठवला होता.

त्या संध्याकाळी मी तीन चेक लिहिले. चेकची मुदत तीन महिन्यांची. अडीच महिने होऊन गेले, तिन्ही डायरीत आहेत. एकच चेक अण्णांच्या नावानं दिला तर कागदावर ते बरोबर आहे. गाडी त्यांच्या नावावर होती, पुढचं त्यांनी आणि बहिणींनी बघावं. तीन दिले तर ज्या गोष्टीला आक्का जपतायत तीच मी त्यांच्या दारात नेऊन फोडणार. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “तिनं नको म्हटलं ते तुझ्या चेकला, का भावासमोर घ्यायला?” याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

परवा अण्णांचा फोन आला. शेजारच्या गावात एक जुनी जीप आहे, बघून जा म्हणाले. आवाज नेहमीसारखा. ठेवता ठेवता थांबले.

“त्या चेकचं काय केलासा?”

“तीन लिहिलेत. तसेच आहेत.”

पलीकडून बराच वेळ नुसता गोठ्यातल्या घंटांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “या तर खरं. आक्का आलीया, ऐतवारपतुर हितंच हाय.”

उद्या सकाळी निघतोय.