तुम्ही विचारलंत म्हणून: क्लायमेट शिकून पुढे काय?

गणपतीपासून आजपर्यंत हा प्रश्न मला सहा जणांनी विचारला. इथे बडोद्यात, रावपुऱ्यातल्या दुकानात एका काकांनी, दांडिया बाजारात आरती संपल्यावर दोघा आयांनी, बाकीच्यांनी फोनवर. शब्द वेगळे, मतलब एकच: मुलीला क्लायमेटच्या एम.एस्सी.ला घालायचं म्हणतोय, तू केलंस ना, पुढे नोकरी लागते का? आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न, जो निम्मे लोक विचारूनही टाकतात: मग तू चांगली नोकरी सोडलीस कशाला?

पहिल्याचं उत्तर मी दर वेळी देते आणि दुसऱ्याला बगल देते. आज दोन्हींचं लिहिते.

आधी एक सांगते, मी पाऊस सांगत नाही. हवामान खात्यात किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मॉडेल चालवायला भौतिकशास्त्र-गणिताच्या पायाची माणसं लागतात. माझ्या वर्गातली एकच तिकडे गेली आणि ती मुळात फिजिक्सवाली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा सोसायटीतल्या तिघांनी मला विचारलं, "तुला आधी कळलं नाही का गं?" पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, गच्चीवर आम्ही सगळे, आणि हा प्रश्न. मला फार राग आला. नंतर वाटलं, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आजव्याच्या तलावाची पातळी, नदीच्या काठावरचा भराव, ओढे कुठे बुजले, हे सगळं मला वाचता येतं. पण ते काम मी करत नाही, कारण त्या कामाचा पगार देणारं कुणी मला भेटलं नाही.

नोकऱ्या आहेत. गुजरातने २००९ मध्येच क्लायमेट चेंजचं वेगळं खातं काढलं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा केला, २०१० च्या मे महिन्यात ४६.८ अंशांत जी माणसं दगावली त्यानंतर. अशा आराखड्यांवर माणसं लागतात, पण बहुतेक अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. बँका आता दिलेल्या कर्जातली जोखीम मोजायला लागल्या आहेत. आणि सगळ्यात जास्त जागा आहेत हिशोबाच्या. २०२२-२३ पासून सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला. त्यात ऊर्जा किती, पाणी किती, कार्बन किती, हे सगळं भरावं लागतं. ते भरणारी मी होते. डिग्रीवर नाव हवामानबदलाचं, काम जमाखर्चाचं. लिटर डिझेलला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, घनमीटर गॅसला जवळजवळ दोन किलो, ग्रिडच्या विजेच्या एका युनिटला सातशे ग्रॅमच्या आसपास. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. तुमच्या मुलीला एक्सेल, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि कायद्याची भाषा येत असेल तर ती रिकामी बसणार नाही, हे मी खात्रीने सांगते. पगार इंजिनिअरपेक्षा कमी, हेही खात्रीने सांगते.

आता वर्षाचंही बघा. मी २०११ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा कार्बन सर्टिफिकेटचा, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारे दाखले विकण्याचा, धंदा जोरात होता, सीनिअर मुलं शेवटच्या सत्राआधीच उचलली जायची. २००८ मध्ये ज्या सर्टिफिकेटला वीस युरोंच्या वर भाव होता, ते मी पास होईपर्यंत एका युरोच्याही खाली गेलं होतं. आमच्या तुकडीचं काही चुकलं नव्हतं. भाव युरोपात पडला आणि आम्ही बडोद्यात घरी बसलो. म्हणून "या क्षेत्राला स्कोप आहे का" असं कुणी विचारलं की माझ्याच्याने हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही.

आता नोकरी सोडण्याचं.

२०२३ चा मे महिना. मी एका सल्लागार कंपनीत होते आणि मकरपुऱ्यातल्या एका बोल्ट बनवणाऱ्या कारखान्याचा अहवाल माझ्याकडे होता. आदल्या वर्षीचा हिशोबही मीच केला होता, त्यामुळे आकडे ओळखीचे. यंदा स्कोप एक, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या आवारात जळलेलं इंधन, जवळजवळ एक तृतीयांशाने खाली. गॅसची बिलं ऑक्टोबरपासून एकदम अर्ध्यावर. मी विचारलं तर उत्तर आलं, "प्रोसेस इम्प्रूव्हमेंट, मॅडम." मला आनंद झाला होता, हे आधी कबूल करते. दहा वर्षांत पहिल्यांदा मी एवढी घट बघत होते.

दुपारी चहाला म्हणून मागच्या गल्लीत गेले. समोरच्या शेडचं शटर अर्धं वर होतं आणि आत ती भट्टी होती, बोल्ट कडक करायची. निळा रंग, दारावर पांढऱ्या स्टेन्सिलने "एचटी-०२", आणि डाव्या कोपऱ्यात फोर्कलिफ्ट लागून पडलेला पोचा. तो पोचा मी विसरणं शक्य नव्हतं. आदल्या वर्षी गॅसचं मीटर वाचताना माझी ओढणी तिथेच अडकली होती. ऑपरेटरभाईंनी मला लगेच ओळखलं. "आवो बेन," म्हणाले, "ए ज भठ्ठी छे." भट्टी तीच, माणूस तोच, मीटर तसंच फिरत होतं. गळ्यातलं ओळखपत्र तेवढं नवं, जॉबवर्कवाल्याच्या, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्याच्या, नावाचं. पगार किती कमी झाला ते त्यांनी न विचारता सांगितलं. मी चहा न पिताच परत आले.

यात बेकायदा काही नव्हतं. बाहेरून करून घेतलेल्या कामाचं उत्सर्जन स्कोप तीनमध्ये येतं आणि बीआरएसआरमध्ये ते देणं ऐच्छिक आहे. पण जीएचजी प्रोटोकॉल, ज्याच्या आधारे हा सगळा हिशोब होतो, तो सांगतो की काम बाहेर दिलंत आणि त्याचं उत्सर्जन कुठेच दाखवत नसाल, तर पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या वर्षाचा, आकडाही नव्याने काढा. नाहीतर घट झाली असं दिसतं आणि हवेत तेवढाच धूर जातो. मी दोन ओळींची तळटीप लिहिली: "उष्णता-प्रक्रिया ऑक्टोबर २०२२ पासून बाहेरून करून घेतली जाते. त्या भट्टीचं उत्सर्जन या आकड्यात धरलेलं नाही."

आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आकडा खोटा आहे का? नाही. मग क्लायंटच्या तोंडावर ही टीप कशाला?" मी प्रोटोकॉलचं पान उघडून दाखवलं. ते म्हणाले, "पान मलाही माहीत आहे." दोन दिवस मी ती टीप तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मी स्वतःच्या हाताने काढली. कुणी बळजबरी केली नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, घराचा हप्ता होता, आणि तेव्हा मला खरोखरच वाटलं की दोन ओळींनी काय होणार. अहवाल छापून आला. त्या पानावर खाली जाणारा हिरवा बाण होता आणि तो बघितला की माझ्या पोटात अजून कालवतं.

आणि तरी मी लगेच सोडलं नाही. लोक समजतात मी तत्त्वासाठी राजीनामा फेकला, आणि मीही एक-दोनदा तसं समजू दिलं. खरं म्हणजे त्यानंतर चौदा महिने मी तिथेच काम केलं, आणखी अहवाल केले आणि प्रत्येक घसरलेल्या आकड्यामागे शेड शोधत राहिले. तसं कुठे सापडलं नाही. म्हणजे बहुतेकांची घट खरी होती, हेही लिहायला हवं. पण झोप गेली ती गेली.

प्रवेशाच्या मुलाखतीत मी म्हणाले होते, "जे मोजलं जात नाही ते बदलत नाही, म्हणून मला मोजायचं आहे." बावीस वर्षांची होते. त्या मुलीशी मी मनात खूप भांडते. तिला सांगते, बाई, मोजणाऱ्याला पगार ज्याचं मोजायचं तोच देतो, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणते, मग टीप का काढलीस? यावर मला उत्तर देता येत नाही. पण तिचं म्हणणं पूर्ण खोटं होतं असंही मला अजून वाटत नाही, नाहीतर मी हे काम कधीच टाकलं असतं.

मी ते टाकलेलं नाही. आता स्वतंत्रपणे लहान कारखान्यांचे हिशोब करते. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादाच्या मालावर कार्बनची आकारणी पक्की लागू केली. त्यात नट-बोल्टही आले. त्यामुळे माल पाठवणारे आता जॉबवर्कवाल्याकडेही गॅसचा हिशोब मागतात. गेल्या महिन्यात मकरपुऱ्यातून एक फोन आला: बेन, तुम्ही फॉर्म भरून देता ना? पत्ता सांगितला, मागच्या गल्लीतला. एचटी-०२ चा गॅस आता कागदावर येणार आहे. तो माझ्या तळटिपेने आणलेला नाही, ब्रसेल्सच्या नियमाने आणला, आणि याचं समाधान मानावं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला मीटर वाचायला जायचं आहे. विचारणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलीला हे काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर पाठवा. पायात बूट हवेत, आणि ओढणी नको.