साडेअकरा पौंडांचा करार

शैक्षणिक कर्जाच्या अर्जात, अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला किती उत्पन्न अपेक्षित आहे, असा एक रकाना असतो. बँकेतल्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी बडोद्याच्या निरनिराळ्या शाखांमध्ये अशी कर्जे तपासत होतो, आणि परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या अर्जातला हा रकाना वाचताना मी एक गोष्ट आवर्जून विचारत असे: शिक्षण झाल्यावर त्या देशात नोकरी करण्याची मुभा किती काळ आहे? कर्जाची रक्कम, तारण, वडिलांचा पगार, आईच्या नावावरचा फ्लॅट या गोष्टी महत्त्वाच्या होत्याच, पण कर्ज हलके व्हायचे ते त्या मुभेच्या काळात. तीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ४० हजार ५०० रुपये येतो. इथल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून तो सहसा निघत नाही. पौंडांत किंवा डॉलरांत दोन वर्षे कमाई झाली, तर मुद्दलाला हात लागतो आणि तारण ठेवलेल्या घराची काळजी कमी होते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडला गेला. एम.एस्सी.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले एक वर्ष कंपनीत प्रत्यक्ष कामाचे. २०२४ च्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या तिच्या घरी बसून आम्ही हिशेब मांडला, तेव्हा ब्रिटनच्या ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर पदवीनंतर दोन वर्षे काम करता येत होते, आणि त्या दोन वर्षांच्या भरवशावर बहिणीने राहते घर तारण ठेवले. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतरावरची श्वेतपत्रिका काढली आणि ही मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरवले. ऑक्टोबरमध्ये तारीख कळली. १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर जो अर्ज करेल, त्याला अठरा महिने मिळतील, पीएच.डी. करणाऱ्यांची तीन वर्षे तशीच राहतील. भाच्याचा अभ्यासक्रम २०२७ च्या तोंडावर संपतो, आणि निकाल लागल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही. फोनवर तो शांतपणे म्हणाला, "मामा, डिसेंबरात निकाल लागला तर दोन वर्षं, जानेवारीत लागला तर दीड." मुलगा समजूतदार आहे, तक्रार करत नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण तो हिशेब माझ्या हातचा होता.

कोणत्या परक्या माणसाला किती दिवस राहू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. टोरंटोत किंवा मँचेस्टरमध्ये भाड्याची खोली मिळत नाही म्हणून तिथला रहिवासी चिडत असेल तर त्याची चीडही मला समजते. माझे म्हणणे तारखेबद्दल आहे. ज्या दिवशी विद्यापीठाने विद्यार्थ्याकडून पैसे घेतले, त्या दिवशी जो नियम होता तोच नियम त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत लागू राहिला पाहिजे. नवा नियम नव्याने येणाऱ्यांना लावावा. विद्यार्थ्याकडून सगळे आगाऊच घेतले जाते: फीचा पहिला भाग, व्हिसाची रक्कम, ब्रिटनमध्ये वर्षाला ७७६ पौंड या दराने सगळ्या मुदतीचा आरोग्य अधिभार. आपल्या बाजूचे वचन त्याने विमानात बसण्याआधी पुरे केलेले असते.

हे पैसे तिथे कशासाठी लागतात हे इथल्या पालकांना क्वचितच ठाऊक असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. परदेशी विद्यार्थ्यांकडून वेगळी आणि जास्त फी घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये सुरू झाली, आणि १९८० पासून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने त्यांच्या शिक्षणावरचे अनुदान काढून घेऊन पूर्ण खर्च त्यांच्याकडूनच वसूल करायला लावला. इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फीवर मात्र सरकारने कमाल मर्यादा ठेवली. ती २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली, २०१७ मध्ये ९,२५० झाली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मग ९,५३५ झाली. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली. स्थानिक विद्यार्थ्याला शिकवण्यात तोटा, संशोधनात तोटा, आणि ही तूट भरून काढायला फीची कोणतीही मर्यादा नसलेला परदेशी विद्यार्थी, अशी ती व्यवस्था उभी राहिली. हे माझे अनुमान नाही. ब्रिटिश सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने मे २०२४ च्या अहवालात हे स्पष्ट लिहिले, ग्रॅज्युएट रूटचा मोठ्या प्रमाणावर गैरवापर झाल्याचा पुरावा नाही असे सांगितले, आणि तो आहे तसाच चालू ठेवावा अशी शिफारस केली. बरोबर एका वर्षाने त्याची मुदत कमी करण्याचे ठरले.

याचे कारण आकडेवारीच्या मांडणीत आहे. ब्रिटनमध्ये निव्वळ स्थलांतराचा, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून, जो आकडा दर वेळी वर्तमानपत्रांत झळकतो, त्यात विद्यार्थीही मोजले जातात. तो आकडा खाली आणण्याचे वचन दिलेल्या कोणत्याही सरकारला विद्यार्थ्यांची संख्या कमी करणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो, कारण त्यांना तिथे आवाज नाही. १९६० च्या दशकापासूनचा इतिहास पाहिला तर हा दरवाजा कधी उघडला आणि कधी लावला याला शिक्षणाचे कारण फार थोड्या वेळा दिसते. पदवीनंतर काम करण्याचा जुना व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला आणि नवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. मधल्या नऊ वर्षांत गेलेल्या मुलांना बहुतेक शिक्षण संपताच परत यावे लागले. आता इंग्लंडमधल्या विद्यापीठांकडून, पहिले २२० विद्यार्थी वगळून, प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंडांची आकारणी २०२८ पासून घेण्याचे ठरले आहे, आणि तिचा पैसा तिथल्या गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना निर्वाहासाठी द्यायचा आहे. गरीब विद्यार्थ्याला पैसे मिळावेत हे मलाही मनापासून वाटते. पण ही आकारणी विद्यापीठे फीत मिळवतील तेव्हा ती दांडिया बाजारातल्यासारख्या तारण घरांतूनही जाईल, आणि तिथल्या चर्चेत ही बाजू मला कुठे दिसली नाही.

कॅनडाची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यात शिकण्यासारखे काही आहे. ऑन्टॅरिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि पुढे वर्षानुवर्षे गोठवली. कॉलेजांनी तूट परदेशी विद्यार्थ्यांकडून भरून काढली. २०२३ च्या अखेरीस देशातल्या विद्यार्थी परवान्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली, घरभाडी चढली, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार परवान्यांची मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून विद्यार्थ्याने दाखवायची निर्वाहाची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ डॉलर झाली. या वाढीवर बडोद्यात फार आरडाओरडा झाला, पण कर्ज तपासणारा माणूस म्हणून मला ती योग्य वाटते. दहा हजारांत तिथे वर्ष निघत नव्हते, आणि खोट्या आकड्यावर मंजूर झालेली मुले एका खोलीत सहा जण राहून रात्रपाळ्या करत होती.

महत्त्वाचे असे की खासगी संस्थांच्या भागीदारीत चालणाऱ्या सरकारी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचा शिक्षणानंतरचा कामाचा परवाना कॅनडाने काढून घेतला, तेव्हा १५ मे २०२४ पूर्वी अभ्यासक्रम सुरू केलेल्यांना त्यातून वगळले. या परवान्याला ठरावीक विषयांची अट घातली, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना. म्हणजे रेषा सुरुवातीच्या दिवसावर ओढता येते. ब्रिटननेही शिकवणीच्या मास्टर्स अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची बंदी केली ती जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना. मग कामाच्या मुदतीची रेषा शेवटच्या दिवसावर का ओढली, याचे उत्तर मला कोणत्याही सरकारी कागदात सापडले नाही.

अमेरिकेबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे नियमापेक्षा अनिश्चितता जास्त त्रास देते. २०२३-२४ मध्ये तिथे ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, कोणत्याही देशापेक्षा जास्त. मे २०२५ च्या अखेरीस, ऐन प्रवेशाच्या हंगामात, विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे थांबवले गेले आणि काही आठवड्यांनी समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याच्या अटीवर पुन्हा सुरू झाले. त्या आठवड्यांत फतेगंजातल्या एका सल्लागाराच्या कार्यालयाबाहेर मी ओळखीची तीन कुटुंबे पाहिली. सल्लागाराजवळ उत्तर नव्हते. हे सल्लागार पुष्कळदा विद्यार्थ्याकडून काही घेत नाहीत, त्यांना दलाली विद्यापीठाकडून मिळते. पालकांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवूनच त्यांचा सल्ला ऐकावा.

बडोद्याच्या माणसाने या विषयावर लिहावे आणि १९१३ आठवू नये, हे शक्य नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. संस्थान त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार, आणि परतल्यावर ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करणार. कर्ज तपासणाऱ्याच्या नजरेने मी त्या कराराकडे पाहतो तेव्हा त्याचा साधेपणा मनात भरतो. रक्कम लिहिलेली, मुदत लिहिलेली, दोन्ही बाजूंची जबाबदारी लिहिलेली. पुढे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. तेव्हा लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन प्रबंध पुरा करण्याची परवानगी दिली. ते १९२० मध्ये परत गेले, शाहू महाराजांची मदत त्यांना झाली, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. मध्ये एक महायुद्ध संपले होते, सगळे जग उलथले होते, तरी परवानगीचे ते पत्र तसेच लागू राहिले.

या आठवणीचा दुसरा भाग आम्हा बडोदेकरांना सांगायला जड जातो. करार पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ मध्ये या शहरात आले, मोठ्या हुद्द्यावर आले, आणि शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढले. ते सयाजीबागेत जाऊन बसले. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. सयाजीराव महाराजांचा कागद चोख होता. नोकरी देणारा राजा आणि खोली न देणारे शहर, अशी ती फारकत होती, आणि परदेशांतल्या आपल्या मुलांच्या घरभाड्याच्या हकिगती ऐकताना ती मला वारंवार आठवते.

कारण परदेशी विद्यार्थी इथेही आहेत. सयाजीराव विद्यापीठात आफ्रिकेतून आणि आशियातल्या शेजारी देशांतून मुले येतात, त्यांतली काही भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. त्यांनाही व्हिसा आहे, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे नियम आहेत, मुदतवाढीसाठी राहत्या जागेचा पुरावा आहे. प्रतापगंजात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. गेल्या जूनमध्ये टांझानियाचा एक एम.कॉम.चा विद्यार्थी विचारायला आला. त्याआधी त्याला सात घरांतून नकार मिळाला होता, आणि एका घरमालकाने ठरलेला करार महिन्याभरात मोडला होता. शेजाऱ्यांनी मला सुचवले की, सगळे करतात तसा अकरा महिन्यांचाच करार करा, पुढचे पुढे पाहू. पत्नीने मला विचारले, भाच्याच्या बाबतीत तुम्हाला नेमके काय खटकले होते?

आम्ही त्याच्या अभ्यासक्रमाच्या मुदतीइतका, दोन वर्षांचा करार केला. भाडे दोन्ही वर्षे तेच राहील असे त्यात लिहिले आणि मुदत एका वर्षाहून जास्त असल्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन त्याची नोंदणी केली. परदेशी पाहुण्याची माहिती घरमालकाने चोवीस तासांत द्यावी लागते; तो सी-फॉर्म मी संगणकावर भरत असताना विद्यार्थी शेजारी बसून स्पेलिंग सांगत होता. करार त्याने दोनदा वाचला. मुदतीच्या ओळीवर बोट ठेवून विचारले की, ही तारीख बरोबर आहे ना, आणि मी हो म्हटल्यावर सही केली.