फिरून माणूस सुखी होतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपूरच्या सीताबर्डीत माझं टूरचं छोटं ऑफिस आहे. तिकिटं, बस, हॉटेल, देवदर्शन, जे लागेल ते जमवून देतो. गिऱ्हाईक जरा ओळखीचं झालं, की पैसे मोजता मोजता एक प्रश्न हमखास येतो, "भाऊ, खरं सांगा, एवढं फिरून माणूस सुखी होते का?" परवा एका निवृत्त प्राध्यापकांनी तोच प्रश्न शुद्ध भाषेत विचारला आणि वर म्हणाले, "धंद्याचं उत्तर नको." धंद्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्याला थोडा वेळ लागतो, म्हणून सर, लिहूनच देतो.

अभ्यासकांनी काय शोधलंय ते आधी. येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दीड हजारांवर डच लोकांची पाहणी छापली. सुट्टीला जाणारे लोक घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, पण निघण्याआधी. परत आल्यावर दोघांत फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली तेवढेच अपवाद, आणि त्यांचाही आनंद काही आठवड्यांत ओसरला.

माझ्या खुर्चीवर कोणीही महिनाभर बसला असता तर त्याने हेच सांगितलं असतं. बुकिंग झालं की माणसं उजळतात. तिथे थंडी किती असेल, स्वेटर दोन घ्यायचे की तीन, समोसे तिकडे मिळतात का, असे फोन सुरू होतात. परत आल्यावर मात्र हिशेबाची पावती न्यायलाही कोणी फिरकत नाही.

ही वाट पाहण्यातली मजा आपल्या इकडच्या एका यक्षाला चांगली ठाऊक होती. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडातले लोक रामगिरी म्हणजे आमचा रामगड म्हणतात, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण ५० किलोमीटरवर आपला डोंगर असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ? यक्ष स्वतः कुठेच जात नाही. वर्षभराच्या शिक्षेवर आहे. जातो तो ढग, दूर राहिलेल्या बायकोकडे निरोप घेऊन. आणि हा पठ्ठ्या त्या ढगाला असा काही रस्ता आखून देतो की माझ्या धंद्यातल्या माणसाने हात जोडावेत. दमलास की डोंगरमाथ्यावर टेक, वाळलास की नदीचं हलकं पाणी पी. विंध्याच्या पायथ्याशी नर्मदा लागेल, पुढे विदिशा. उत्तरेला जाताना वाट वाकडी होईल, तरी उज्जैन चुकवू नकोस. बायकोला तातडीचा निरोप धाडायचाय, आणि हा दूताला वाट वाकडी करायला सांगतोय!

पण मेघदूत मी काढलं ते दुसऱ्याच कारणासाठी. पहिल्याच श्लोकात कालिदास सांगतो की शापाने या यक्षाचा महिमा मावळला होता. कुबेराच्या चाकरीतला हा मोठा माणूस. ती जागा गेली, ऐट गेली, तेव्हा कुठे तो आषाढातल्या ढगापुढे ओंजळीत फुलं घेऊन उभा राहतो आणि विनवणी करतो. अलकेत, म्हणजे कुबेराच्या नगरीत असता तर त्याने ढगाकडे मान वर करून पाहिलं तरी असतं का?

तर सर, माझं म्हणणं हे आहे. घराने, गावाने, कचेरीने आपल्याला एक जागा नेमून दिलेली असते. फिरण्यातलं सुख ती जागा काही दिवस सुटण्यात आहे. बर्फ, समुद्र, राजवाडे ही निमित्तं. जागा सोबत नेली तर स्वित्झर्लंडही सिव्हिल लाइन्ससारखंच दिसतं.

जागा सोबत नेणारे मी रोज पाहतो. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ टूरवर निघाले, की पुढची सीट त्यांची, हॉटेलात कोपऱ्यातली खोली त्यांची, ड्रायव्हरला सूचनाही त्यांच्याच. कुठल्याही देवळात व्हीआयपी दर्शन आहे का, हा पहिला प्रश्न. आणि मी ते जमवून देतो, कारण त्याचेच पैसे घेतो. माझा सगळा धंदा माणसाची जागा जशीच्या तशी परगावी उचलून ठेवण्याचा आहे, हे तुम्ही विचारलंत म्हणून कबूल करतो.

आता नागद्वार बघा, मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरातलं नागदेवाचं गुहेतलं ठाणं. श्रावणात नागपंचमीच्या आसपास विदर्भातून माणसांचे लोंढे पचमढीला जातात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, त्यापुढे घाट. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते, म्हणून वर्षात जेमतेम दहा दिवस ती उघडते. पाऊस कोसळत असतो, चिखल घोट्याच्या वर, दगड निसरडे, काही ठिकाणी लोखंडी शिड्या. "हर बोला हर हर महादेव" करत पुढच्याच्या टाचेकडे पाहत चढायचं. या वाटेवर व्हीआयपी रांग नाही. इतवारीतला धान्याचा व्यापारी आणि त्याच्याच दुकानात पोती उचलणारा माणूस एका शिडीवर, आणि पोती उचलणाऱ्याला तोल जास्त चांगला सांभाळता येतो. मालकाचा हात तोच धरतो. वाटेत मंडळांचे मांडव असतात, नागपूरचे कितीतरी. तिथे जेवण मिळतं, पडायला जागा मिळते, आणि खाली ताडपत्रीवर शेजारी कोण झोपलाय हे कोणी विचारत नाही.

नवं पाहिलं की माणूस खूश होतो, असं म्हणतात. मग ही मंडळी त्याच डोंगरावर, त्याच चिखलात दरवर्षी का जातात? टूरचा विषय काढला की त्यांचा चेहरा थंड असतो. नागद्वारचा काढा, मग पाहा. माझ्याकडून त्यांना काहीही नको असतं. झोला उचलतात आणि बस पकडतात.

दसऱ्याला मात्र आमच्या शहराचं सगळं उलटं होतं. लोक नागपुरातून जात नाहीत, नागपुरात येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या मुक्कामात ते राहिले ते सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात. नागपूरच का निवडलं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाग लोकांचा इतिहास काढून सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी माणसं येतात. रेल्वेने, ट्रकने, मुलाबाळांसह, पांढऱ्या कपड्यांत. उघड्यावर झोपतात, रांगेत जेवतात, जाताना पुस्तकं घेऊन जातात.

मी हे बाहेरून पाहिलंय, तेव्हा बेताने बोलतो. व्यापाऱ्याने वाटेवर आपली जागा सोडली तर त्याचा मोठेपणा दोन दिवस बाजूला पडतो, एवढंच. पण ज्याला गावाने विहिरीपासून लांबची जागा नेमून दिली, त्याने ती सोडून इथे येणं ही निराळी गोष्ट आहे. तो परक्या गावी उतरतो आणि स्टेशनपासूनच मान वर करून चालतो. तुमच्या प्रश्नातला सुख हा शब्द मला इथे तोकडा वाटतो. पण फिरून माणूस बदलतो का असं विचारलं असतंत, तर मी तुम्हाला तडक दीक्षाभूमीवर नेलं असतं.

आता जो भाग लिहायचा की नाही यावर मी अडलो होतो, तो बायकांचा.

कुटुंबाच्या टूरमध्ये पुरुष सुट्टीवर असतात. बाई कामावर असते, फक्त जागा बदललेली. दशम्या तिने केल्या, नवऱ्याच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये, नातवाची ओली चड्डी हॉटेलच्या बाथरूममध्ये तिनेच वाळत घातली, आणि सकाळी "इथे तर्री पोहे नाहीत काय?" हे गाऱ्हाणंही तिच्याकडेच. त्या डच अभ्यासातली अगदी निवांत सुट्टी कोणाच्या वाट्याला येते, याचं उत्तर आमच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर डबे आवरत बसलेलं असतं.

एकदा उदयपूरला सगळे राजवाडा पाहायला उतरले आणि एक मावशी हॉटेलवरच थांबल्या. पाय दुखतात म्हणाल्या. मी विचारपूस करायला गेलो, तर खिडकीशी खुर्ची ओढून बसलेल्या. "रूममध्ये चहा मागवला," त्या म्हणाल्या. "कोणी आणून दिला, मी प्याले, कप विसळायचा नाही. मले राजवाडा काऊन दाखवता?" पाय काही दुखत नव्हते.

म्हणून हल्ली मी फक्त बायकांचे ग्रुपही नेतो. गोंगाट असतो, बस कधीच वेळेवर सुटत नाही, अंताक्षरीने ड्रायव्हर वेडा होतो. पण पुढच्या टूरची विचारणा नागपूर यायच्या आधीच, बसमध्येच होते. असं दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये होत नाही.

सर, तुम्ही मे महिन्यात चारधामची दोन तिकिटं म्हणालात, लोअर बर्थ. काढतो. पण आधी जानेवारीत महिलांची एक बस पुरी-भुवनेश्वरला जातेय, तीत एक सीट वहिनींसाठी धरून ठेवली आहे. त्यांना विचारून कळवा. आठवडाभर घरी तुम्ही एकटेच असाल, तेव्हा सिलिंडर कुठून बंद होतो तेवढं त्यांच्याकडून शिकून ठेवा. आणि श्रावणात नागद्वारला निघायचं मनात आलं, तर बुकिंगसाठी माझ्याकडे येऊ नका. लागत नाही.