मिठामागून पाणी

खमंग काकडीत मीठ केव्हा घालायचे, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत झाले नाही. काकडी आधी कोचवून ठेवावी, दाण्याचे कूट आणि ओले खोबरे तयार असावे, तुपाची हिरवी मिरची-जिऱ्याची फोडणीही करून ठेवायला हरकत नाही. मीठ आणि साखर मात्र पाने वाढायला घेतल्यावरच पडायची. ज्या घरांत ही शिस्त नाही, तिथे कोशिंबिरीऐवजी तिचे सार वाढले जाते, असे माझे ठाम मत आहे.

कोचवलेल्या काकडीवर बारीक मीठ भुरभुरून नुसते पाहत बसण्यासारखे आहे. पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग मिठाच्या कणांच्या कडा ओलसर होऊन चकाकू लागतात, कण आक्रसत जातात आणि नाहीसे होतात, फोडींच्या अंगावर बारीक घाम फुटावा तसे थेंब जमतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी भांडे कलते केले की तळाशी चांगले वाटीभर पाणी साचलेले दिसते. मघाशी करकरीत असलेली फोड आता बोटांत न मोडता वाकते. यातले थोडे पाणी सुरीने फुटलेल्या पेशींतून आलेले असते, हे खरे. पण उरलेले बरेचसे पाणी धडधाकट, अखंड पेशींमधून बाहेर पडलेले असते आणि लोणच्यासाठी मीठ-हळद लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना सुटणाऱ्या खाराची हकीकतही हीच आहे.

शाळेत याला परासरण म्हणतात, हे आपण शिकलेलो असतो आणि बहुतेकांनी ते परीक्षेपुरते पाठही केलेले असते. पाण्याचे रेणू पेशीच्या पटलातून आत आणि बाहेर, दोन्हीकडे सतत ये-जा करत असतात. पण ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूकडून परतणाऱ्या रेणूंची संख्या कमी पडते, म्हणून एकंदर ओघ त्याच बाजूला वाहतो. मीठ पडले की काकडीच्या बाहेरच्या ओलीत मिठाचे प्रमाण आतल्यापेक्षा कितीतरी वाढते आणि पाणी तिकडे जाते. या साऱ्याची एक अट आहे, ती म्हणजे पाणी जाऊ देणारे हे पटल मिठाला मात्र सहजासहजी आत घेत नाही. मीठही तितक्याच मोकळेपणाने आत गेले असते, तर दोन्हीकडचे प्रमाण सारखे होऊन पाण्याला जागचे हलण्याचे कारणच उरले नसते आणि काकडी रात्रभर मिठात राहूनही ताठ राहिली असती.

हे पटल खरोखर तिथे आहे, याची खात्री करून घ्यायची असेल तर बीट हाताशी धरावे. कच्च्या बिटाच्या चकत्या दोन-तीनदा पाणी बदलून धुतल्या की कापलेल्या पेशींतला रंग वाहून जातो आणि त्यानंतर त्या चकत्या स्वच्छ पाण्यात बराच वेळ ठेवल्या तरी पाणी जेमतेम गुलाबी होते. लाल रंग पेशीच्या आत, रिक्तिकेत, पटलाने बांधलेल्या पिशवीत बंद असतो. त्याच चकत्या कढत पाण्यात टाकल्या की क्षणात पाणी लालभडक होते, कारण उष्णतेने पटलांची घडण विस्कटते आणि आतबाहेर हा भेदच संपतो. उकडलेल्या बटाट्याला मीठ आतपर्यंत लागते आणि कच्च्या बटाट्याची काप मिठाच्या पाण्यात ठेवल्यास ती खारट होण्याआधी लुळी पडते, यामागचे कारणही तेच. मेलेल्या पेशीला दार राखता येत नाही.

प्रयोगशाळांना हे स्वयंपाकघरापेक्षा उशिरा कळले, असे म्हणण्याचा मोह होतो; तो मी फारसा आवरणार नाही. 1748 मध्ये फ्रान्समधील झाँ-आंत्वान नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवून ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून मूत्राशयाचा पडदा टरारून फुगला. पेशीच्या पटलाची जाडी कळायला मात्र त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. 1925 मध्ये नेदरलंड्समध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींमधला मेद वेगळा काढला, तो पाण्यावर एका रेणूइतक्या पातळ थरात पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते, असे मोजून दाखवले. म्हणजे पटल मेदाच्या दोन थरांचे असले पाहिजे. गंमत अशी की त्यांना सगळा मेद काढता आला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानाच्या इतिहासातली ही मला सर्वांत आवडणारी वजाबाकी आहे.

मेदाच्या या दुहेरी थरातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड विनासायास पार होतात. ग्लुकोज पार होत नाही, सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण तर नाहीच नाही; त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या वाटा ठेवलेल्या असतात. पाण्याचे काय, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे अर्धवट सुटलेला होता, कारण पाणी मेदातून हळूहळू झिरपते खरे, पण तांबड्या पेशीत किंवा मूत्रपिंडात ते ज्या वेगाने जाते त्याचा हिशेब झिरपण्याने लागत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे पीटर ॲग्रे हे रक्तगटाशी संबंधित प्रथिनाचा शोध घेत असताना त्यांच्या हाती दुसरेच एक प्रथिन लागले. 1992 मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंड्यांत तयार करवले. बेडकाची अंडी तळ्याच्या गोड्या पाण्यात सुखेनैव राहतात, फुगत नाहीत. ही अंडी मात्र विरल द्रावणात ठेवताच काही मिनिटांत फुगली आणि फुटली. पाण्याची वाट सापडली होती. तिला ॲक्वापोरिन म्हणतात, तिच्यातून सेकंदाला सुमारे 3 अब्ज पाण्याचे रेणू एकामागोमाग एक असे जातात आणि 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल ॲग्रे यांना या कामासाठी मिळाले.

पण वाट असली म्हणून पाणी कुठे जायचे ते ठरवत नाही. पाण्याला ढकलणारा पंप आपल्या शरीरातल्या एकाही पेशीत नाही, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला फार विलक्षण वाटली होती आणि अजूनही वाटते. शरीराला पाणी हलवायचे असेल तर ते मीठ हलवते आणि पाणी मागून येईल याची खात्री बाळगते. मीठ हलवण्यासाठी मात्र पंप आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायांतील चेतातंतूंवर काम करून 1957 मध्ये त्याचा छडा लावला: हे प्रथिन पेशीचे ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्ची घालून सोडियमचे 3 कण पेशीबाहेर टाकते आणि पोटॅशियमचे 2 कण आत घेते. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या एकाच कामावर खर्च होतो. वरवर पाहता हा शुद्ध अपव्यय आहे, कारण बाहेर टाकलेले सोडियम संधी मिळेल तिथून पुन्हा आत शिरण्याच्या प्रयत्नात असते.

त्या धडपडीचाच उपयोग करून घेतला जातो. इमारतीच्या तळाशी असलेला पंप वीज खाऊन पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग चौथ्या मजल्यावरचा नळ विजेशिवाय वाहतो. आतड्याच्या पेशीचा व्यवहार हुबेहूब असा आहे. मागच्या बाजूचा पंप सोडियम उपसून पेशीतले त्याचे प्रमाण कमी ठेवतो, त्यामुळे आतड्यातल्या अन्नरसातून सोडियम आत यायला आतुर असते. समोरच्या बाजूचे एक प्रथिन त्याला आत येऊ देते, पण अट घालते की सोबत ग्लुकोज आणले पाहिजे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू असे त्रिकूट जमले तरच दार फिरते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. ग्लुकोज आणि सोडियम असे जोडीने आत गेले, तिथून रक्ताकडे सरकले की पाणी अर्थातच मागोमाग जाते.

कॉलऱ्याचा जंतू आतड्यात करतो तो उत्पात याच नियमाच्या उलट्या टोकाने होतो. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यातून दाखवून दिले की रोग घडवते ते जंतूने सोडलेले विष. ते विष आतड्याच्या पेशींमधली क्लोराइडची वाट उघडी पाडून ठेवते. क्लोराइड आतड्यात ओतले जाते, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी आणि गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. काकडीला सुटते तसेच हे पाणी, फक्त इथे काही तासांत माणूस दगावतो. अशा रुग्णाला नुसते पाणी पाजून भागत नाही, मिठाचे पाणी पाजूनही फारसे भागत नाही. मात्र ग्लुकोज-सोडियमला जोडीने आत घेणारे ते दार या विषाला बळी पडत नाही, ते शाबूत राहते. मिठाच्या पाण्यात ग्लुकोज घातले की बाहेर धो धो वाहत असतानाच पाणी आत घेण्याची एक वाट खुली होते.

हे पुस्तकात ठीक होते. त्याची कसोटी 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे लागली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता, रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तोंडाने द्यायच्या द्रावणाच्या चाचण्या ढाक्यात आधी झालेल्या होत्या, पण त्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण ठरवले. कोलकात्यात त्याच्या पुड्या भरल्या गेल्या, पॉलिथिनच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली आणि छावणीत पिंपांतून ते द्रावण नातेवाइकांच्या हाती देण्यात आले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांमधला मृत्यूचा दर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. मोठमोठ्या यंत्रांच्या कौतुकात रमलेल्या वैद्यकाने या पुडीला मान द्यायला बराच वेळ घेतला. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते 2023 मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

आपल्याकडच्या पेजेचा या निमित्ताने विचार करण्यासारखा आहे. कोकणात आजाऱ्याला मऊ भाताची मीठ घातलेली पेज देतात; तांदळातल्या पिष्टाचे आतड्यात सावकाश ग्लुकोज होते आणि मीठ सोबत असतेच. तांदळाच्या पिठापासून केलेले द्रावण कॉलऱ्याच्या रुग्णांना चांगले उपयोगी पडते, हे पुढे चाचण्यांमध्ये दिसून आले. उलट, पोट बिघडल्यावर ताकद यावी म्हणून पाजली जाणारी गोडमिट्ट शीतपेये घात करतात. आतड्यात साखर इतकी साचते की पाणी रक्तातून आतड्याकडे निघते आणि जुलाब वाढतात. कोशिंबिरीत साखर लवकर घालू नये, तोच हा नियम.

म्हणूनच पुडीतले प्रमाण काटेकोर असते. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या पुडीत 20.5 ग्रॅम पूड असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. तसे द्रावण आपल्या रक्तापेक्षा किंचित विरल भरते, त्यामुळे पाण्याचा ओघ आतड्यातून रक्ताकडे राहतो. घरोघरी मात्र अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळून दिली जाते आणि उरलेली अर्धी संध्याकाळसाठी मुडपून ठेवली जाते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात अर्धी पुडी म्हणजे द्रावण अडीचपट दाट, रक्ताच्या दुप्पट. ते पोटात गेले की पाणी आधी चुकीच्याच दिशेने निघते. आता पेल्याच्या मापाच्या लहान पुड्याही मिळतात, त्यामुळे कोणती कशात घालायची याचा गोंधळ आणखी वाढलेला आहे. अशा परिस्थितीत पुडीवर संत्र्याचे चित्र तळहाताएवढे आणि ‘एक लिटर’ ही अक्षरे भिंगातून वाचावी लागतील एवढी बारीक का छापतात, हे मला कोणत्याही औषधविक्रेत्याने अजून समजावून सांगितलेले नाही.