रावेरचा शेतकरी जळगावात ओळखू येईना

मे महिना, जळगावचं ऊन, त्यात रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा फोन, "काय भो, रिपोर्ट येत नाही ना!" जळगावच्या डेटाबेस सर्व्हरला रावेरचा लिंक केलेला, जॉइन मारला (म्हणजे दोन्हीकडची शेतकऱ्यांची टेबलं एकमेकांशी जुळवली) की एरर ४६८, कोलेशन कॉन्फ्लिक्ट. म्हणजे अक्षरांची तुलना आन क्रमवारी लावायचे दोन्हीकडचे नियमच वेगळे. एकीकडे एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) यूएस इंग्लिश विंडोजवर डोळे झाकून नेक्स्ट नेक्स्ट करत टाकलेला (मीच टाकला होता, कोणाला सांगू नका), तिथे एसक्यूएल_लॅटिन१_जनरल_सीपी१_सीआय_एएस हे कोलेशन बसलं, दुसरीकडे नुसतं लॅटिन१_जनरल_सीआय_एएस.

जॉइनच्या अटीत कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट लावलं (म्हणजे तुलना इकडच्या डेटाबेसच्या नियमाने कर), एरर गेली, पण क्वेरी अशी रांगायला लागली की मी भरीत-भाकर खाऊन आलो तरी सुरूच, कारण तुलना इकडे होते म्हणून रावेरचं अख्खं टेबल आधी जळगावला येत होतं. मित्र म्हणे लिंकच्या सेटिंगमध्ये कोलेशन कम्पॅटिबल ट्रू करून टाक, म्हणजे दोन्हीकडचं कोलेशन सारखंच आहे असं सर्व्हरला सांग. नाही रे बाबा, कोलेशन खरंच सारखं नसताना ते केलं तर उत्तरच चुकीचं येऊ शकतं, तेही गुपचूप!

शेवटी ओपनक्वेरीने (ही क्वेरी जशीच्या तशी तिकडच्या सर्व्हरवर चालवते) तारखेचा फिल्टर रावेरलाच लावला, उरलेल्या ओळी इकडे टेम्प टेबलात, म्हणजे तात्पुरत्या टेबलात घेतल्या. ते क्रिएट टेबलने बनवलेलं, म्हणून त्याला टेम्पडीबीचं (तात्पुरती टेबलं ठेवायच्या डेटाबेसचं) कोलेशन, ते आपल्या डेटाबेसशी जुळेना, तिथेही कोलेट लिहावंच लागलं.